बिनडस्टरचा फळा

सर वर्गात आले की आधी खुर्ची बाहेर काढत. स्वतः उचलून व्हरांड्यात नेत आणि भिंतीकडे तोंड करून ठेवत, वर्गाबाहेर काढलेल्या विद्यार्थ्यासारखी. मग टेबलावरचं डस्टर उचलून आपल्या खाकी पिशवीत टाकत. तास संपला की खुर्ची परत आत येई. डस्टर बहुतेक वेळा पिशवीतच राही, आणि पुढच्या तासाला येणाऱ्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांना रुमालानं फळा पुसावा लागे. त्या गृहस्थांनी प्राचार्यांकडे तीनदा लेखी तक्रार केली. सरांनी तिन्ही अर्ज ऑफिसातून मागवून घेतले आणि तिसरा आम्हाला मोठ्यानं वाचून दाखवला.

"पहिल्या दोन अर्जांत नुसतं 'सेवेशी सविनय' चाललंय. तिसरा ऐका. 'माझे दोन रुमाल वाया गेले. तिसरा पत्नी देत नाही.' बघा, माणूस चिडला की लिहायला लागतो."

डस्टर तरीही परत गेलं नाही.

ही गोष्ट धुळ्याची, ऐंशीच्या दशकातली. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. त्या काळी पदवीच्या पहिल्या वर्षाला सक्तीच्या मराठीचा पेपर असे आणि त्यात निबंध, अर्ज, वृत्तान्त, सारांश असा लेखनाचा भाग असे. जुने प्राध्यापक या भागाला हात लावत नसत. त्यामुळे नव्यानं नेमणूक झालेल्याच्या गळ्यात पहिली काही वर्षं तोच पडे. नव्या माणसाला ओवीचा छंद माहीत असे, टीकेचे चार संप्रदाय पाठ असत, पण समोरच्या ऐंशी पोरांना एक धड परिच्छेद लिहायला कसा शिकवायचा, हे त्याला कोणी सांगितलेलं नसे. मग तो बाजारातलं मार्गदर्शक आणून त्यातले निबंध सांगायला लागे. पोरं लिहून घेत. तीच पोरं पुढं प्राध्यापक होत.

सरांनी हे चक्र मोडायचं मनावर घेतलं होतं. दर शनिवारी सकाळी, सायकल स्टँडला लागून असलेल्या खोलीत, ते पुढं लेखन शिकवायला जाणाऱ्यांना शिकवत. हा वर्ग विद्यापीठाच्या कुठल्या पुस्तिकेत नव्हता. त्याला परीक्षा नव्हती, प्रमाणपत्र नव्हतं, मानधन नव्हतं. आम्ही सात जण होतो. आम्हा सातांनाही सर 'मास्तर' म्हणत, मला आणि दुसऱ्या एका मुलीलासुद्धा.

"प्राध्यापक हा पगारपत्रकावरचा शब्द आहे," ते म्हणत. "काम मास्तरचंच."

सरांची पद्धत एका वाक्याची होती. पोरांना जे लिहायला सांगाल, ते आधी त्यांच्यासमोर फळ्यावर स्वतः लिहा. तयारी करून यायचं नाही. विषय पोरांनी द्यायचा. आणि पुसायचं नाही. चुकलं तर वर रेघ मारायची आणि पुढं लिहायचं, म्हणजे तुम्ही कुठं अडलात, कुठं खोटं बोललात आणि कुठून परत आलात, हे पोरांना दिसेल. डस्टर पिशवीत जाई ते यासाठी.

ऐकायला हे सोपं वाटतं. माझी पहिली पाळी आली तेव्हा विषय निघाला, 'आज सकाळी घरी काय झालं'. मी खडू घेतला आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आज सकाळी घरातील वातावरण अत्यंत प्रसन्न होते.'

सर मागच्या भिंतीपाशी येरझारा घालत होते. ते म्हणाले, "कुठलं वातावरण, मास्तर?"

मी 'अत्यंत' खोडलं.

"प्रसन्न म्हणजे कोण हसलं?"

कोणीच हसलं नव्हतं. मी 'प्रसन्न' खोडलं. मग अख्खं वाक्य खोडलं. मागं सहा जण बसले होते, बाहेर सायकलींचे स्टँड खटाखट पडत होते, आणि पाठीमागून सरांच्या चपलांचा आवाज जात होता, येत होता. पाऊण तासात माझ्या चार ओळी झाल्या. त्यातली पहिली होती, 'आज सकाळी वडील माझ्याशी बोलले नाहीत.'

वडील महसूल खात्यात कारकून होते. शहाद्याचं एक स्थळ आलं होतं, पेट्रोल पंपवाल्यांचं, आणि मी नको म्हटलं होतं. त्यावर वडिलांनी अट घातली होती. एम.ए. होताच नोकरी लागली आणि टिकली, तर ठीक. नाही तर शहादा. हे सगळं त्या चार ओळींत आलं नाही, पण थोडं आलं. सहानुभूती मिळेल म्हणून मी सरांकडे पाहिलं. ते खिडकीतून बाहेर बघत होते.

"वाक्य बरं आहे," ते म्हणाले. "पुढचे मास्तर, या."

सरांना एका जागी राहणं जमत नसे. शिकवताना ते चालत, जेवताना उठून खिडकीपर्यंत जाऊन येत. धुळ्याहून अमळनेरला जाईपर्यंत एस.टी.त त्यांच्या तीन जागा बदलून होत. पहिली उन्हाची, दुसरी खडखडाटाची, आणि तिसरी ठीक असली तरी सोडून ते दाराशी जाऊन उभे राहत. नोकऱ्याही त्यांनी तशाच बदलल्या होत्या. आमचं कॉलेज त्यांचं चौथं.

कुठल्याही स्टँडवर उतरले की ते कंट्रोलरच्या खिडकीशी जाऊन तक्रारवही मागत. कंट्रोलर घाबरून विचारी, "काय झालं साहेब?"

"काही नाही. वाचायचीय."

सरांचं म्हणणं असं की जिल्ह्यातलं सगळ्यात खरं लेखन याच वहीत आहे, कारण इथं माणूस मार्कांसाठी लिहीत नाही. चांगल्या तक्रारी ते उतरवून घेत आणि शनिवारी आमच्यासमोर ठेवत. त्यातली एक मला अजून पाठ आहे: 'शिरपूरची गाडी लागत नाही. लागली तर थांबत नाही. थांबली तर दार उघडत नाही. उघडलं तर कंडक्टर म्हणतो जागा नाही. बठ्ठा त्रास आमलेच शे.' सगळा त्रास आम्हालाच, असं शेवटी घरच्या अहिराणीत. आम्हाला त्यावर आगारप्रमुखाच्या वतीनं उत्तर लिहायला सांगितलं होतं. सातही जणांनी 'आपल्या तक्रारीची योग्य ती दखल घेण्यात येत आहे' असं लिहिलं. सरांनी सातही कागद न वाचता दुमडून पिशवीत टाकले. म्हणाले, "त्या माणसानं पाच ओळींत एक गाडी उभी केली. तुम्ही सात जणांनी मिळून ती परत पाठवली."

आमच्या वर्गाची कीर्ती प्राचार्यांच्या कानावर गेली आणि त्यांना त्याचं उद्घाटन करावंसं वाटलं. वर्ग सुरू होऊन तीन वर्षं झाली होती, पण उद्घाटनाला तेवढ्यानं अडचण येत नाही. मांडव पडला, समई आली, पाहुणे आले. पाहुण्यांचा विषय होता 'लेखन : एक साधना'. ते दीड तास बोलले. सरांना व्यासपीठावर खुर्ची होती. ते तिच्यामागं, पाठ धरून उभे होते. भाषण संपत आलं तसे ते खाली उतरले आणि आम्हा सातांच्या हातात एकेक चिठ्ठी दिली. 'पाहुणे काय म्हणाले ते चार ओळींत लिहा.'

सहा चिठ्ठ्या कोऱ्या परत गेल्या. सातवीवर आमच्यातल्या एकानं लिहिलं होतं, 'मधे पाहुण्यांचा घसा बसला. पाणी दिल्यावर उठला. मग आम्ही बसलो.' दुसऱ्या दिवशी हा मजकूर 'उद्घाटन समारंभाचा वृत्तान्त' या मथळ्याखाली सूचनाफलकावर लागला, खाली सरांच्या सहीसकट. प्राचार्यांनी आमची खोली काढून घेतली. तिथून पुढं आम्ही मैदानाच्या कडेच्या लिंबाखाली भरलो. फळा होता, लाकडी, तिघांनी मिळून आणायचा. सर खूश होते. तिथं खुर्चीच नव्हती.

आम्ही सगळे सरांचे भक्त झालो होतो असं कोणी समजू नये. त्या दुसऱ्या मुलीला त्यांनी फळ्यापुढं इतका वेळ उभं ठेवलं की ती रडत घरी गेली आणि पुढं बी.एड. करून शाळेत लागली. ती सुखात आहे. शिवाय आम्हाला रोज लिहायला लावणाऱ्या या माणसाचा स्वतःचा प्रबंध गेली पंधरा वर्षं पहिल्या प्रकरणातच होता. एकदा मी धीर करून विचारलं, तर म्हणाले, "खोडतोय."

"सर, पंधरा वर्षं?"

"चांगलं खोडतोय."

एम.ए. झाले आणि मला चोपड्याच्या एका कॉलेजात हंगामी नेमणूक मिळाली. ऑर्डर एका वर्षाची. मी बाजारात एका पिठाच्या चक्कीवरची खोली घेतली. निघताना सरांना सांगायला गेले, तर त्यांनी पिशवीतून एक नवा कोरा खडूचा डबा काढून दिला आणि म्हणाले, "मी मधूनमधून येईन. कळवणार नाही."

चोपड्याचा माझा वर्ग सकाळी सातला भरायचा. पोरं सातपुड्याच्या पायथ्यापासून पहिल्या गाडीनं यायची. पहिल्या दिवशी मी खुर्ची बाहेर ठेवली, डस्टर पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, विषय द्या. कोणी देईना. शेवटच्या बाकावरून सुपडू नावाचा एक उंच मुलगा उठला आणि म्हणाला, "मॅडम, तुम्ही लिखा. आम्ही उतारी लेतस."

"उतरवून घ्यायचं नाही. बघायचं."

"नुसतं बघानं?" त्यानं शेजाऱ्याकडे पाहिलं. असली शिकवणी त्यानं ऐकली नव्हती.

दिवाळीपर्यंत मी खोडत राहिले आणि ते बघत राहिले. माझं खोडणं त्यांना आवडायला लागलं. मी अडले की शब्द सुचवायचे, मी खोटं लिहिलं की हसायचे. दिवाळीनंतर एक दिवस सुपडू स्वतः उठून फळ्याशी आला. त्यानं केळीवर लिहिलं. घड कापताना अंगावर चीक कसा पडतो, तो सदऱ्यावरून जात कसा नाही, ट्रक भरताना घडांखाली पाला कसा अंथरतात. दोन ओळी खोडल्या, आणि शेवटी लिहिलं, 'आम्ही केळी लावतो पण आमचा माल आम्ही पिवळा झालेला पाहत नाही. तो दिल्लीला जाऊन पिवळा होतो.' मी त्या दिवशी खोलीवर जाऊन सरांना पत्र लिहिलं, सुपडूच्या ओळी उतरवून. उत्तर आलं नाही. सर पत्रांना उत्तरं देत नसत.

जानेवारीच्या अखेरीला संस्थेच्या सचिवांनी बोलावणं पाठवलं. त्यांना सगळं गाव आबा म्हणे. कापसाचा मोठा व्यापार, पांढरं धोतर, टेबलावर काच आणि काचेखाली देवांचे फोटो.

"मॅडम, बसा. पोरं तुमचं नाव काढतात. फळ्यावर म्हणे काय काय लिहितात."

"हो, आबा."

"चांगलं आहे. आता निकालाचं बोला. मागच्या साली सक्तीच्या मराठीत निम्मी पोरं लटकली. मराठीत! लोक मला विचारतात, आबा, तुमच्या पोरांना मायबोली येत नाही का?"

"त्यांची मायबोली अहिराणी आहे, आबा."

"ते माले मालूम शे," आबा एकदम घरच्या भाषेवर आले. "पन विद्यापीठले कोन सांगी?" मग पुन्हा कचेरीच्या मराठीत म्हणाले, "निकाल लागला तर तुमची ऑर्डर पुढं चालू. मी शब्द देतो. नाही लागला तर जाहिरात काढावी लागेल. माझाही नाइलाज आहे."

त्याच आठवड्यात वडिलांचं कार्ड आलं. शहाद्याची मंडळी अजून थांबून आहेत, एवढंच त्यात होतं.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी मार्गदर्शक विकत घेतलं. दुकानदारानं न विचारता जुनी प्रत देऊ केली. या गावात मी पहिली गिऱ्हाईक नसणार. त्यात पहिल्याच पानावर 'खेड्यातील पहाट' होती. दरवर्षी हमखास येणारी, असं वर चौकटीत छापलं होतं.

पुढच्या आठवड्यात बुधवारी मी वर्गात खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "वह्या काढा. लिहून घ्या."

पोरांनी मुकाट्यानं वह्या काढल्या. निदान कोणीतरी तक्रार करील असं मला वाटलं होतं.

"'पूर्व दिशेला तांबडे फुटते. कोंबड्याची बांग कानी येते. घराघरांतून जात्यावरच्या ओव्यांचे मंजुळ स्वर...'"

सुपडूनं हात वर केला. "मॅडम, जातं लिखनं पडी का? आमनाकडे चक्की शे."

"जातं लिही. त्याला मार्क आहेत."

त्यानं लिहिलं. ही पोरं आंघोळ उरकून, अंधारात गावाबाहेर गाडीची वाट बघून माझ्यासमोर आली होती. खेड्यातली पहाट आत्ता दोन तासांपूर्वी त्यांच्या अंगावरून गेली होती, आणि मी त्यांना ती पुस्तकातून सांगत होते.

"'...ओव्यांचे मंजुळ स्वर वातावरण भारून टाकतात. देवळातली घंटा...'"

"जरा हळू सांगा, मॅडम. 'मंजुळ'पर्यंत झालंय."

आवाज मागून आला. सर शेवटच्या खिडकीपाशी उभे होते. केव्हा आले होते, देव जाणे. खिडकीच्या कट्ट्यावर त्यांनी एक चाळीस पानी वही ठेवली होती, स्टँडवर घेतलेली, आणि उभ्यानंच ते लिहून घेत होते.

मला त्यांनी पहिल्यांदाच मॅडम म्हटलं होतं.

मी थांबायला हवं होतं. पण साठ पोरं पेन टेकवून वाट बघत होती. मी हळू सांगितलं. घंटा, सडासंमार्जन, मोटेचं गाणं, पाखरांचा किलबिलाट, 'अशी ही पहाट शहरी माणसाच्या नशिबी कोठून?' सरांनी शेवटच्या प्रश्नचिन्हापर्यंत सगळं उतरवलं.

तास संपल्यावर पोरं वह्या दाखवायला टेबलाशी रांगेत उभी राहिली. सर त्या रांगेत उभे राहिले. सुपडूनं त्यांना पुढं जाऊ दिलं, तर म्हणाले, "नको, माझा नंबर येईल." नंबर आल्यावर वही माझ्यापुढं ठेवली. "तपासून ठेवा, मॅडम. घाई नाही."

"सर, माझी ऑर्डर..."

"असेल."

ते निघाले. मी मागोमाग स्टँडपर्यंत गेले. तिथं त्यांनी तक्रारवहीसुद्धा मागितली नाही. अमळनेरची गाडी लागली होती, तिच्यात जाऊन बसले. मग उठून पलीकडच्या बाजूला गेले, तिथून पुन्हा पुढं. तीन जागा बदलल्या. त्यातली एकही माझ्या बाजूच्या खिडकीची नव्हती. गाडी गेली.

एप्रिलात परीक्षेच्या दिवशी सुपडू पेपर संपताच पळत मला शोधत आला. "मॅडम, पेपरमां पहाट उनी! जशीच्या तशी उनी!" इतका आनंद त्याला केळीवर लिहून झाला नव्हता.

मे महिन्यात उत्तरपत्रिका तपासायला जळगावला जावं लागलं. त्या उन्हात कोणी यायला तयार नसे, म्हणून माझ्यासारख्या नव्यांनाही बोलवत. मोठ्या हॉलमध्ये पंखे फिरत होते आणि गठ्ठे उडू नयेत म्हणून वर विटा ठेवल्या होत्या. मुख्य परीक्षकांनी मुद्द्यांची यादी दिली होती: सूर्योदय, पक्षी, जाते, देऊळ, शहराशी तुलना. प्रत्येकी दोन गुण. माझा गठ्ठा कुठल्या कॉलेजचा होता ते मला माहीत नव्हतं, पण त्यांच्या मॅडमनीही तेच मार्गदर्शक घेतलेलं होतं. त्या दुपारी माझ्या टेबलावर पन्नास-साठ कोंबडे एकामागून एक आरवले.

मग एक पेपर वेगळा लागला. पहिली ओळ होती, 'आमच्याकडे पहाट लाईट आल्यावर होते.' मोटार चालू करायला बाप शेतात जातो, लाईट गेली तर बांधावरच झोपतो, परत आली की उठतो. मग पुन्हा पहाट. एका रात्रीत कधी तीन पहाटा होतात, असं त्या मुलानं किंवा मुलीनं लिहिलं होतं. अर्धं पान. दोन शब्द खोडलेले.

मी सात गुण दिले आणि पेपर घेऊन मुख्य परीक्षकांकडे गेले. ते शांत गृहस्थ होते. ओल्या रुमालानं मान पुसत त्यांनी वाचलं.

"मुद्दे कुठंयत?"

"मुद्दे नाहीत, सर. पण हे खरं आहे."

"खरं असेल हो. यादीत नाही ना. मी एकाला दिले तर सगळ्यांचे बघावे लागतील." त्यांनी पेपर परत दिला. "तुम्हीच दुरुस्त करा. सही तुमची आहे."

मी सातवर रेघ मारली आणि तीन लिहिले. शेजारी सही केली.

निकाल उत्तम लागला. आबांनी शब्द पाळला, ऑर्डर आली. वडील बोलायला लागले. शहाद्याच्या त्या गृहस्थांचे पुढं तीन पंप झाले, हे वडील मला दर दिवाळीला सांगत, पण तक्रारीच्या सुरात नाही.

सरांची वही माझ्या पेटीत होती. मी ती तपासली नाही. काय तपासणार? एकही चूक नव्हती. धुळ्याला घरी जायचे तेव्हा देवपुरात सरांच्या गल्लीपर्यंत जायचे आणि काहीतरी काम आठवून परत फिरायचे. पुढची दोन वर्षंही मी फेब्रुवारीत पहाट सांगितली. नोकरी कायम झाली त्या वर्षी थांबवली, आणि डस्टर पुन्हा पर्समध्ये टाकलं. शूरपणा मला कायम झाल्यावर आला. तो बहुतेकांना तेव्हाच येतो.

मधे सर निवृत्त झाले. लिंबाखालचा वर्ग बंद पडला. लाकडी फळा म्हणे कँटीनवाल्यानं नेला. आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर जळगावला नव्या प्राध्यापकांसाठी लेखन-अध्यापनाचा मोठा प्रशिक्षण वर्ग निघाला. दहा दिवस, प्रमाणपत्रासह. मला व्याख्यानाला बोलावलं होतं. समई होती, शाल होती, आणि उद्घाटक म्हणाले, "खानदेशातला हा अशा प्रकारचा पहिलाच उपक्रम." टाळ्या वाजल्या. मी व्यासपीठावर बसले होते, हातात नारळ होता. मी उठून काही बोलले नाही. समोर बसलेल्यांपैकी कोणी चार ओळींचा वृत्तान्त लिहितोय का, ते तेवढं बघत राहिले. कोणी लिहीत नव्हतं.

त्या रविवारी मी पेटीतून वही काढली. सरांच्या अक्षरातली पहाट जिथं संपली होती तिथं रेघ ओढली आणि खाली लिहायला बसले. पेनानं, म्हणजे पुसता येऊ नये. चार रविवार लागले. नंतरच्या शनिवारी देवपुरात गेले आणि या वेळी काही काम आठवायच्या आत कडी वाजवली.

काकूंनी दार उघडलं. सर आतल्या खोलीत चालत होते. थकले होते, पण चालत होते.

"बस गं," काकू म्हणाल्या. "ते काही बसायचे नाहीत. तू बस."

मी खाटेवर टेकले. खाटेचा एक पाय तोकडा होता आणि त्याखाली कॉलेजचं डस्टर सारलेलं होतं.

"सर, वही तपासून आणली."

"बरेच दिवस लागले," सर म्हणाले, आणि वही घेऊन खिडकीकडे गेले.

ते चालत चालत वाचू लागले. स्वतःच्या अक्षरातली पानं त्यांनी भरभर उलटली आणि माझ्या पानावर आले. मी लिहिलं होतं:

'पहाटे गाव शांत असते. माझ्या खोलीखाली पिठाची चक्की होती. साडेपाचला ती सुरू झाली की माझी खाट हलायची. त्या हलत्या खाटेवर पडून मी आठवडाभर रोज ठरवलं की आपण पोरांना हे सांगायचं नाही. मग सात वाजता जाऊन सांगितलं.'

पुढं दोन पानं होती. वडिलांचं कार्ड होतं, सुपडूचं जातं होतं, जळगावचे तीन गुण होते. खाडाखोड पुष्कळ होती.

सरांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. तिसऱ्या फेरीत ते खाटेपाशी थांबले आणि माझ्या शेजारी बसले. आतून भांड्यांचा आवाज येत होता तो बंद झाला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बसले?" त्यांनी मला विचारलं.

गुडघे असतील. वय झालं होतं. सरांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, खिशातून पेन्सिल काढली, परत पहिल्या ओळीवर आले आणि 'पहाटे गाव शांत असते' यावर सरळ रेघ मारली.

"चक्कीपासून सुरू करा, मास्तर," ते म्हणाले, आणि उठून पुन्हा चालायला लागले.